फळ्यामागचे सर

प्रिय मीरा आणि चिनू,

परवा व्हिडिओ कॉलवर मीरा सांगत होती की तिच्या वर्गात टीचर प्रश्न विचारतात, सगळी मुलं रंगीत कार्डं वर करतात, मग टीचर म्हणतात शेजारच्याशी बोला, आणि थोड्या वेळानं पुन्हा कार्डं वर. "आजी, तुमच्या सिल्वासाला असलं काही नसेल ना?" असं तिनं विचारलं आणि मी तोंड उघडायच्या आत तुम्ही दोघं पोहायला पळालात. होतं, बाळांनो. चांगलं दणदणीत होतं. पुढच्या महिन्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. त्यानंतर किती दिवस लिहू देतील कोण जाणे, म्हणून आत्ताच नीट लिहून ठेवते. तुमची आई वाचून दाखवील. तिला मध्येच पदरचं घालू देऊ नका.

ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे ते आमच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. नाव लिहीत नाही. ते अजून आहेत आणि त्यांना आवडणार नाही. आम्ही नुसतं 'सर' म्हणायचो. धुळ्याकडचे. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी कायम खडू, त्यामुळे खिसा कायम पांढरा. कारखान्यात काम करणारी खानदेशी मंडळी ज्या चाळीत राहायची, तिथेच त्यांनी एक खोली घेतली होती. शाळेतली नोकरी कंत्राटी होती. दर जूनला नवी ऑर्डर आली तर यायचं, नाही आली तर नाही.

मी त्यांच्या शेजारच्या वर्गात इंग्रजी शिकवायचे. मुंबईच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, तुमच्या आजोबांच्या सरकारी नोकरीमुळे इथे आलेली, आणि वर्गात पंख्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला पाहिजे अशा मताची. भूगोलाच्या बाई बदली होऊन गेल्यापासून सहावीचा भूगोलही माझ्याकडेच आला होता. तोही मी तसाच शिस्तीत शिकवायचे. नकाशाला समास, समासाला लाल रेघ.

आणि मधल्या भिंतीपलीकडे आठवीचा बाजार भरलेला.

झालं असं की सरांना एक खोड होती. शिकवून झालं की मुलांना "समजलं का?" असं ते विचारत नसत. ते म्हणायचे, "हा प्रश्न विचारूच नये वो बाई. चाळीस पोरं एका सुरात 'हो सर' म्हणतात, न् त्यातल्या तिसांना काय समजलं नाही तेच समजलेलं नसतं." म्हणून त्यांनी एक खेळ काढला होता. फळ्यावर एक प्रश्न, खाली चार उत्तरं, प्रत्येक उत्तराला एक रंग. इथल्या कारखान्यांत सूत ज्या पुठ्ठ्याच्या शंकूंवर गुंडाळतात, ते निळे, पिवळे, लाल, हिरवे शंकू वापरून झाले की पोत्यानं बाहेर टाकतात. चाळीतल्या शेजाऱ्यांनी सरांना तसली चार पोती आणून दिली होती. मुलांनी डोळे मिटायचे, आपल्या उत्तराच्या रंगाचा शंकू डोक्यावर धरायचा आणि सरांनी "उघडा!" म्हटलं की डोळे उघडायचे. खिडकीतून पाहिलं तर प्रत्येक डोक्यावर एकेक कळस.

खरा खेळ त्यानंतर. वेगळ्या रंगाचा कळस असलेला गडी गाठायचा आणि त्याला आपलं म्हणणं पटवायचं. सरांना पटवायला जायचं नाही. पटलं तर उठायचं, पोत्यापाशी जाऊन शंकू बदलायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं, "मला चेतननं हलवलं" किंवा "मला सविताच्या बोलण्यानं हलवलं." सर ते एका वहीत लिहायचे. कोणाचं उत्तर बरोबर आलं ते त्या वहीत नसायचंच. कोण कोणामुळे हलला, एवढंच. आणि टाळ्या हलणाऱ्याला.

"अहो, चुकलेल्याला टाळ्या कशाला?" मी एकदा चहाच्या वेळी विचारलं.

"चुकला म्हणून नाही वो. चाळीस जणांसमोर उठला म्हणून. तुम्ही उठून पाहा एकदा."

मी हसले. मला कशाला उठायची वेळ येणार?

आता फळ्याची गोष्ट. सरांचा चेहरा म्हणजे उघडं पुस्तकच होतं. कोणी बरोबर बोलायला लागलं की भुवया वर, चुकीचं बोललं की ओठ आत. मुलं एवढी हुशार, शेजाऱ्याचं ऐकायचं सोडून सरांच्या भुवयांकडे बघून शंकू बदलायला लागली. सरांच्या लक्षात आलं तेव्हा ते घोडीवरच्या लाकडी फळ्यामागे जाऊन उभे राहू लागले. चर्चा संपेपर्यंत तिथेच. फळ्याखाली फक्त त्यांच्या चपला दिसायच्या. आठवडाभर बरं चाललं. मग शंकू पुन्हा संशयास्पद वेगानं बदलायला लागले. चेतन नावाचा एक मुलगा होता, बाप कारखान्यात मशीनवर, तोंड असं की तेही मशीनच्या पट्ट्यावर लावलेलं. त्यानं शोध लावला होता की बरोबर उत्तर कानावर पडलं की सरांच्या उजव्या पायाचा अंगठा वर होतो.

हे कळल्यावर सरांनी गलोंडा गावातल्या एका कारखान्यात काम करणाऱ्या शेजाऱ्याकडून जुने गमबूट मागून आणले. गुडघ्यापर्यंतचे, काळे. एप्रिलच्या उकाड्यातसुद्धा तासाला येताना हा माणूस हातात गमबूट घेऊन यायचा आणि दारात बसून चढवायचा. नवीन पालकांना वाटायचं, शाळेत पाणी शिरलंय.

ही खोड शाळेपुरती असती तर चाललं असतं. नाक्यावरच्या चहावाल्याकडे त्यांनी एकदा दोन रिक्षावाल्यांना विचारलं, "गरम चहात दूध आत्ता घातलं न् दहा मिनिटांनी घातलं, तर कोणता चहा प्यायच्या वेळी जास्त गरम?" एक गुजराती, एक आपला नंदुरबारचा. दोघांची अशी जुंपली की स्टँडवरचं गिऱ्हाईक तिसराच घेऊन गेला. "मास्तर, तुमे तो हमारा धंदा बैठा देंगे," म्हणून गुजराती रिक्षावाला ओरडला, आणि दुसऱ्या दिवशी त्यानंच सरांना थांबवून विचारलं, "आज का सवाल?"

आमच्याकडे सर एकदा जेवायला आले होते. जाताना दारात चपला घालता घालता आजोबांना म्हणाले, "साहेब, खोलीची दारं-खिडक्या बंद केल्या न् आतला फ्रिज उघडा ठेवला, तर खोली थंड होईल का गरम?" आजोबा म्हणाले थंड. मी म्हणाले काहीच फरक पडणार नाही. सर म्हणाले, "बोला तुम्ही दोघं," आणि गेले. आम्ही चार दिवस बोललो. पाचव्या दिवशी मी शाळेतून आले तर स्वयंपाकघर बंद, आत फ्रिज सताड उघडा आणि त्याच्यासमोर खुर्ची टाकून तुमचे आजोबा घाम पुसत बसलेले. दोन लिटर दूध नासलं. उत्तर मी इथे लिहीत नाही. तुम्ही दोघं बोला.

पण माझी सहनशक्ती संपली ती एका खिळ्यावरून. सरांनी विचारलं होतं की रात्रभर एकाच टेबलावर पडलेला लोखंडी खिळा आणि लाकडी पट्टी, यांतलं जास्त थंड काय? हात लावला तर खिळा गार लागतो. तेवढ्या भांडवलावर चेतननं सगळा वर्ग फिरवला. ज्यांनी सुरुवातीला 'दोन्ही सारखेच' असं बरोबर उत्तर दिलं होतं, त्यांनीही शंकू बदलले. तेवढ्यात घंटा झाली. आणि सर काय म्हणाले? "शाब्बास रे भो चेतन! उद्या पाहू." मुलं चुकीचं उत्तर घेऊन घरी गेली!

मला हे भिंतीपलीकडून सगळं ऐकू आलं होतं. मी त्याच संध्याकाळी मुख्याध्यापकांना लेखी तक्रार दिली. मुद्देसूद होती. त्यात एक वाक्य असं होतं की, शिक्षकानं मुलाला चुकीचं उत्तर देऊन घरी पाठवणं हा मुलाच्या विश्वासाचा भंग आहे. वाक्य माझं मलाच फार आवडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी टेबलावर एक थर्मामीटर ठेवला आणि फळ्यामागे गेले. मुलांनी तो आधी खिळ्याला लावला, मग पट्टीला, मग पुन्हा खिळ्याला, आणि मग सगळी चेतनच्या अंगावर धावली. पण तक्रार तर जाऊन बसली होती. त्यात काही पालकही येऊन गेले. चेतनच्याच वडिलांनी हेडसरांना विचारलं, "पोरंच पोरांना शिकवून राहिली, तर मास्तर कशाला पाहिजे?"

हेडसर कोकणातले, सावध माणूस. त्यांनी मला बोलावलं. "बाई, तुम्ही इथल्या सगळ्यांत जुन्या. आठवडाभर त्यांच्या तासाला बसा आणि लेखी अभिप्राय द्या. शनिवारी पालकसभा आहे, तिथे मी तो वाचून दाखवीन. चांगला असेल तर जूनची ऑर्डर काढू. नाहीतर..." त्यांनी हात झटकले.

म्हणजे सरांची नोकरी माझ्या एका कागदावर आली. सरांनाही हे ठाऊक होतं. सोमवारी मी वही घेऊन आठवीत गेले तर ते दारात बसून बूट चढवत होते. म्हणाले, "बसा बाई. पण नुसतं बसता येणार नाही. वर्गात आलेल्याला शंकू घ्यावा लागतो."

पहिले दोन दिवस मी शेवटच्या बाकावर बसून माझ्या वहीत आवाज, गोंधळ, वाया गेलेली मिनिटं असं सगळं टिपलं. शंकूही धरला, उत्तरंही बरोबर आली. मुलांना मोठी गंमत. "बाईंचा लाल! बाईंचा लाल!"

बुधवारी सरांनी फळ्यावर लिहिलं, 'चंद्र कधी पूर्ण, कधी अर्धा, कधी कोर असा का दिसतो?' निळा म्हणजे पृथ्वीची सावली त्याच्यावर पडते. पिवळा, ढग आड येतात. हिरवा, तो खरंच लहानमोठा होतो. लाल, सूर्याचा उजेड त्याच्या अर्ध्या भागावर नेहमीच असतो, त्यातला किती आपल्याकडे आहे तेवढा दिसतो.

मी हसून निळा उचलला. हे तर मी स्वतः सहावीला शिकवत होते.

"उघडा!"

सगळा वर्ग निळा. मुलांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि जल्लोष केला. "बाईंनी सांगितलंय! सहावीत लिहून दिलंय बाईंनी!" फक्त खिडकीपाशी एक लाल शंकू होता. तो धरणारी मुलगी रमिला. सुरंगी गावची, सातवीत आमच्या शाळेत आलेली, वसतिगृहात राहणारी. माझ्या सहावीत ती नव्हती. वर्षभरात मी तिचा आवाज हजेरीपुरताच ऐकला होता.

"वेगळा रंग गाठा," फळ्यामागून आवाज आला.

रमिलाला सगळाच वर्ग वेगळ्या रंगाचा. चेतन लगेच तिच्यासमोर जाऊन उभा. "ए, बाईंनी सांगितलंय. तू काय बाईंपेक्षा शहाणी? चल, बदल पटकन."

"मग मी बाईंशीच बोलते," रमिला म्हणाली.

ती बाकांमधून चालत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. शंकू अजून डोक्यावरच, एका हातानं धरलेला.

"बाई, सावली पडायला पृथ्वी सूर्याच्या न् चांदाच्या मधी यायला पाहिजे ना?"

"हो तर. बरोबर."

"मधी आली तर सूर्य एका बाजूला, चांद दुसऱ्या बाजूला. मग दोघं एकदम दिसणार नाय."

"नाहीच दिसत. सूर्य दिवसा, चंद्र रात्री."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी म्हणाले असते की शेळीला दोन पाय असतात. "दिसतात ना बाई. मी बकऱ्या घेऊन जायची तेव्हा किती वेळा बघितलंय. आता पण हाय."

"आता? सकाळी साडेदहाला?"

"या ना बाहेर."

आम्ही व्हरांड्यात गेलो. मागोमाग अख्खा वर्ग. फेब्रुवारीतलं स्वच्छ आकाश. एका अंगाला ऊन डोळ्यांवर येत होतं, आणि दुसऱ्या अंगाला, पाण्याच्या टाकीच्या वर, पांढरा, विरळ, अर्धा चंद्र.

मुलांनो, मी तेव्हा पन्नाशी ओलांडलेली होते. इंग्रजी कवितांतले किती चंद्र मी मुलांकडून पाठ करून घेतले होते. पण साडेदहा वाजता वर पाहिलं नव्हतं. साडेदहाला मी हजेरीपत्रक तपासत असते.

"सूर्य तिकडं, चांद तिकडं, आपण खाली," रमिला हात करून म्हणाली. "मधी कोणी नाय. तरी अर्धाच हाय. आणि उजेडाची बाजू बघा, सूर्याकडं तोंड करून. नेहमी तशीच असते. संध्याकाळची कोर पण सूर्य बुडतो तिकडंच फुगलेली."

मी पाहिलं. खरंच तसंच होतं. मी तरीही म्हणाले, "पण ग्रहणात तर सावली पडते."

"ते ग्रहण, बाई. ते कधीतरी. ही कोर तर महिन्याला."

मी वर्गाकडे निघाले. मागे वळून पाहिलं तर रिकाम्या वर्गात फळ्याखाली गमबूट, आणि त्यांच्या दोन्ही टाचा जमिनीपासून चार बोटं उचललेल्या.

मुलं जागेवर बसली. मी शेवटच्या बाकावरून उठले आणि पोत्यापर्यंत चालत गेले. ते अंतर फार तर बारा पावलं असेल. माझ्या वहीत त्याच आठवड्याच्या टिपणांची दोन पानं भरली होती आणि ती मी अगदी घट्ट धरली होती. निळा शंकू पोत्यात टाकला, लाल घेतला.

"मला रमिलानं हलवलं," मी म्हणाले.

टाळ्या वाजल्या नाहीत. मुलांना कळेना, बाईंना टाळ्या वाजवायच्या असतात का. मग चेतननं बोट वर केलं. त्या मुलाला गप्प बसणं जमतच नसे.

"बाई, मग आमच्या सहावीच्या वहीत जे आहे, त्याचं काय?"

खोटं बोलायला जागा होती. 'ते लहान मुलांसाठी सोपं करून सांगितलं होतं' असं म्हटलं असतं तर कोणी काही बोललं नसतं. पण पोत्यापाशी उभं राहून, डोक्यावर शंकू धरून, ते वाक्य काही तोंडातून निघेना.

"ते चूक आहे," मी म्हणाले. "मी चुकीचं शिकवलं. उद्या ती वही आणा. पट्टी घेऊन एका रेघेत खोडायचं, गिरगटायचं नाही."

तेव्हा टाळ्या पडल्या. सगळ्यांत आधी फळ्यामागून.

त्या दिवशी घरी येऊन मी हिशेब केला तर चार वर्षांची सहावी होती. चार वर्षं मी मुलांना चुकीचं उत्तर देऊन घरी पाठवत होते, शांत वर्गात, लाल रेघेसकट, आणि एकालाही मला विचारायची सोय नव्हती. सरांनी चेतनला चुकीचं उत्तर देऊन पाठवलं ते एका रात्रीपुरतं.

अभिप्राय शुक्रवारी लिहिला. आवाज होतो, हे लिहिलं. अभ्यासक्रम थोडा मागे पडतो, हेही लिहिलं, कारण ते खरं होतं. आणि मग लिहिलं की या तासात मुलाला काय येत नाही ते त्याच तासात उघडं पडतं. माझ्या तासात चार वर्षांत माझीच चूक उघडी पडली नाही, ती इथे आठवीतल्या एका मुलीनं दहा मिनिटांत दाखवली. खाली सही.

हेडसरांनी वाचलं आणि चष्मा काढला. "बाई, हे सगळं पालकांपुढे वाचायचं? शेवटचं वगळू या का?"

"शेवटचं वगळलंत तर बाकीच्याला काय अर्थ?"

"लोक बोलतील हो."

"बोलू देत."

शनिवारी त्यांनी ते वाचलं. मी पहिल्या रांगेत बसले होते. मागे कुजबुज झाली, कोणीतरी हसलंही. एक आई म्हणाली, "एवढ्या शिकलेल्या बाई!" चेतनचे वडील उठले. मला वाटलं, झालं आता. ते म्हणाले, "काल मी रातपाळीवरून आलो तर माझा पोरगा मला अंगणात उभा करून चंद्र दाखवून राहिला होता. मी म्हटलं झोपू दे. तर म्हणे, आधी सांगा, तुम्ही हलले का?" लोक हसले. "मी काही पहिल्यांदा बोललो ते मागे घेत नाही. पण मास्तर राहू द्या."

ऑर्डर निघाली. हेडसर सावध माणूस असल्यामुळे त्यांनी अट घातली की खेळ आठवड्यातून एकदाच, बुधवारी तिसऱ्या तासाला, बाकी दिवस सरळ शिकवायचं. सरांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि सही केली.

मी त्यांना नंतर एकटं गाठून विचारलं, "खरं सांगा. मी सहावीत काय शिकवलंय ते तुम्हाला माहीत होतं ना? म्हणून तोच प्रश्न, त्याच दिवशी, चंद्र आकाशात असताना?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं, माहीत होतं."

"मग रमिलाला विचारा. तिला वेगळं वाटत असेल तर बोला दोघी."

"अहो, माझा अभिप्राय वाईट गेला असता तर? नोकरी गेली असती तुमची!"

"हो ना," ते म्हणाले. "दोन रात्री झोप नव्हती वो बाई." आणि गमबूट काखेत मारून चालू लागले. उत्तर मला आजवर मिळालेलं नाही.

त्यानंतर सहा जून त्यांची ऑर्डर आली. सातव्या जूनला त्यांना गावाकडच्या शाळेत कायमची नोकरी मिळाली आणि ते गेले. मी त्याच्या पुढच्या वर्षी निवृत्त झाले. शंकू आता मिळत नाहीत, कारखान्यांत प्लास्टिकचे आले आणि ते परत घेतात. सरांनी पुढे सातवीतही सुरू केलेला खेळ काही वर्षं चालला, मग नवीन शिक्षकांना आवाज सोसेना म्हणून बंद पडला. आठवीत मात्र मुलंच सोडत नाहीत, बुधवारी तिसऱ्या तासाला तो आजही चालतो. मुलं रंगीत कागद धरतात, मत बदललं की उठून कोणी हलवलं त्याचं नाव सांगतात, आणि टाळ्या उठणाऱ्यालाच मिळतात.